जतिलुविह येथील होमस्टे: धान पिकवणाऱ्या कुटुंबाचा अभिप्राय

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आमची धानाची शेती आहे आणि तिला एका माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातील, तलावाचे पाणी मिळते. माझे मोठे बंधू त्या तलावाच्या पाणी वापर संस्थेचे काम बरीच वर्षे पाहत आहेत. इंडोनेशियातील बाली बेटावर शेतकऱ्यांनीच चालवलेली, सुमारे हजार वर्षांची पाणीवाटपाची व्यवस्था आजही चालू आहे, हे त्यांच्या वाचनात आले आणि ती प्रत्यक्ष पाहायचीच असे त्यांनी मनाशी धरले. मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्यापूर्वीचे दिवस साधून, दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी असे चौघे निघालो. समुद्रकिनाऱ्यावर आम्ही एकही रात्र काढली नाही. जतिलुविह या डोंगरउतारावरच्या गावी एका शेतकरी कुटुंबाने आपल्या घराच्या आवारात पाहुण्यांसाठी तीन खोल्या ठेवल्या आहेत, तिथे चार रात्री राहिलो. त्याच मुक्कामाचा हा अभिप्राय असून तो मुख्यतः आमच्यासारख्या धान पिकवणाऱ्या कुटुंबांसाठी लिहीत आहे. घराचे नाव मी मुद्दाम देत नाही. गावात अशी अनेक घरे आहेत आणि पुढे जे सांगणार आहे ते त्यांपैकी कुठल्याही घराला आधी विचारून ठरवून घेता येते.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. नागपूरहून मुंबई किंवा बंगळुरू गाठून पुढे बालीचे विमान घ्यावे लागते. तिथे उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसासाठी माणशी 5,00,000 रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू झालेला पर्यटक कर माणशी 1,50,000 रुपिया भरावा लागतो. आकडे पाहून छाती दडपते, पण आपल्या एका रुपयाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे रुपिया मिळतात, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि जतिलुविह तबानान जिल्ह्यात बातुकारू पर्वताच्या उतारावर, सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. ही वाट दोन तासांची म्हणतात, परंतु दक्षिणेकडील शहरी भागातील वाहनांच्या गर्दीमुळे आम्हाला तीन तास लागले. मार्च महिन्यात ‘न्येपी’ हा त्यांचा मौनाचा दिवस असतो. त्या दिवशी संपूर्ण बेटावर कुणी घराबाहेर पडत नाही आणि विमानतळही चोवीस तास बंद राहतो. म्हणून त्या सुमारास जाणाऱ्यांनी तारीख पाहूनच तिकीट काढावे.

खोली एका रात्रीला 4,00,000 रुपिया, म्हणजे आपले बावीसशे रुपयांच्या आसपास, सकाळच्या न्याहारीसह. आमची एक खोली त्यांच्या जुन्या धान्यकोठारात होती. तिथे या कोठाराला ‘जिनेंग’ म्हणतात. चार जाड लाकडी खांबांवर उचलून घेतलेली, वरती कमानदार छपराची ही कोठी असते. धान वरच्या माळ्यावर राहते आणि खालच्या ओट्यावर माणसे बसतात. आमच्या आजोबांच्या वेळचा ढोला, म्हणजे धानाची कणगी, वहिनींना आठवला आणि त्या बराच वेळ त्या खांबांवर हात फिरवत उभ्या होत्या. राहण्याच्या दृष्टीने मात्र ही खोली तरण्या माणसांची आहे. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालचीच खोली मागावी, तशी आम्ही दुसऱ्या दिवशी बदलून घेतली. डोंगरावरच्या दमट हवेने अंथरूण ओलसर लागते, रात्री गारवा असतो आणि न्हाणीघरातील गरम पाणी दोघांनंतर संपते. स्वच्छतेबद्दल तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही. आवारातच त्यांचे देवघर आहे आणि सकाळी घरातील बाई नारळाच्या कोवळ्या पानांच्या लहानशा द्रोणात फुले आणि भाताची शिते घेऊन उंबरठ्यापाशी, चुलीपाशी, पाण्याच्या नळापाशी ठेवत जाते. तिसऱ्या दिवशी वहिनी तिच्याबरोबर द्रोण लावू लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी ‘तीर्त’ म्हणजे तीर्थ आणि ‘देवी स्री’ म्हणजे धान्याची श्रीदेवी, एवढे त्यांना न सांगता समजले.

या मुक्कामाचे पैसे खरे वसूल होतात ते घरमालकांबरोबर बांधीत जाण्याने. घरमालक साठीच्या पुढचे आहेत. त्यांना सगळे ‘बापाक’ म्हणतात आणि आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांच्या मुलाला इंग्रजी येते आणि तो सोबत असेल तरच हा फेरफटका उपयोगाचा होतो, म्हणून खोली ठरवतानाच त्याची वेळ मागून घ्यावी. दोन सकाळी, प्रत्येकी चार तास, आम्ही त्यांच्यामागून धुऱ्याधुऱ्याने फिरलो. उतारावर पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बांध्या छायाचित्रांत पाहिलेल्या असतात. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक बांधीच्या कडेला पाणी किती विचार करून वाहते ती.

तेथील पाण्याच्या संस्थेला ‘सुबक’ म्हणतात. एकाच पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या सर्व बांध्यांचे शेतकरी मिळून एक सुबक होतो. त्याचा आणि गावच्या कारभाराचा संबंध नाही. माणूस कुठल्याही गावात राहत असो, त्याची बांधी ज्या पाटावर आहे त्या सुबकाचा तो सदस्य. मुख्याला ‘पेकासेह’ म्हणतात आणि त्याची निवड सदस्यच करतात. नियमांना ‘आविग-आविग’ म्हणतात आणि त्यांत पाणी चोरल्याचा, पाट साफ करायला न आल्याचा, ठरल्या दिवसाआधी रोवणी केल्याचा दंड ठरवलेला असतो. बोलावणे करायचे झाले की पोकळ लाकडाचा ‘कुलकुल’ वाजवतात. अकराव्या शतकातील लेखांत या व्यवस्थेचा उल्लेख सापडतो, आणि 2012 साली युनेस्कोने बालीतील पाच ठिकाणांच्या, मिळून 19,500 हेक्टरांच्या या पाणलोट परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात जतिलुविहचा परिसर आहे. पाणी नदीवरच्या बंधाऱ्यातून निघते, काही ठिकाणी डोंगराच्या पोटातून हाताने खोदलेल्या बोगद्यांतून येते आणि मग मंदिरांच्या साक्षीने वाटले जाते. हंगामाच्या आरंभी पाणी सोडताना जो विधी होतो त्याला ‘मापाग तोया’ म्हणतात, म्हणजे पाण्याचे स्वागत. तोया म्हणजे आपले तोय. आपण पूजेत म्हणतो तो शब्द त्या डोंगरात पाटाच्या पाण्यासाठी रोज वापरला जातो, हे ऐकून मला फार बरे वाटले.

दादा मात्र एका लाकडापाशी थांबले ते अर्धा तास हललेच नाहीत. पाट जिथे दोन फाट्यांत विभागतो तिथे आडवे लाकूड बसवलेले असते. त्याला ‘तेंबुकु’ म्हणतात. त्यात कमी-अधिक रुंदीच्या खाचा कोरलेल्या असतात आणि ज्या फाट्याखाली जितकी जमीन, तितकी त्याची खाच रुंद. पाटाला पाणी भरपूर असो वा निम्मे, वाटणीचे प्रमाण तेच राहते. रात्री कंदील घेऊन पहारा करण्याची गरज नाही, दार वर-खाली करणारा माणूस नाही, कुणाच्या शब्दावर अवलंबून राहणे नाही. सगळ्यांना दिसेल अशा जागी माप कोरलेले आहे. आमच्याकडे तलावाच्या पाण्यावर पूर्वी पाणकर असे आणि त्याच्या फावड्याच्या एका फेऱ्यावर शेवटच्या बांधीचे भवितव्य ठरे. दादा वाकून खाचेची रुंदी विताने मोजत म्हणाले, “शेवटच्या बांधीवाल्याले इथं कोणाच्या पाया पडा लागत नाही जी.” बापाकांच्या मुलाला मी त्याचा अर्थ सांगितला. तो हसला आणि म्हणाला की पाया पडावे लागत नाही, पण सभेला मात्र यावेच लागते.

त्याच्या त्या उत्तरातून आम्ही ज्यासाठी आलो होतो ते कळले. वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का द्यावे? धर्म म्हणून, असे उत्तर मी गृहीत धरले होते आणि मंदिरे पाहून ते पटलेही असते. बापाकांचे उत्तर वेगळे होते. खालच्याला पाणी मिळाले नाही तर तो उशिरा रोवणी करील, आणि उशिरा रोवले की वरच्याच्या कापणीनंतर उंदीर आणि तुडतुडे खालच्या हिरव्या धानात जाऊन पोसतील आणि पुढच्या हंगामात परत वर येतील. सगळ्यांनी एका वेळी रोवणी केली, एका वेळी कापले आणि मग सगळ्या उतारावर एकदम बांध्या रिकाम्या ठेवल्या, तर किडीला खायला आणि राहायला जागाच उरत नाही. या एकत्र हंगामाला ते ‘केर्त मास’ म्हणतात. खालच्याला पाणी हवे असते आणि वरच्याला किडीपासून सुटका हवी असते. दोघांची गरज एकाच सभेत पुरी होते, म्हणून वरचा सभेला येतो. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षे बालीत राहून हाच हिशेब मांडला आहे, आणि बापाकांना तो वडिलांकडून तोंडी मिळालेला आहे.

हे मोडले तेव्हा काय झाले तेही बापाकांनी सांगितले, कारण ते त्यांच्या तरुणपणातले आहे. 1970 च्या दशकात सरकारच्या योजनेतून लवकर येणारे बुटके वाण, खत आणि औषधे आली आणि ज्याला जसे जमेल तसे, शक्य तितक्या वेळा पीक घ्या, असा आग्रह झाला. पाणी आले की रोवणी, मग ती कुणाचीही असो. दोन-तीन वर्षे कोठारे भरली आणि नंतर तुडतुडे आणि विषाणूचे रोग बांध्या पिवळ्या करीत गेले. संपूर्ण इंडोनेशियात हीच कहाणी होती. 1984 साली तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि दोनच वर्षांत तुडतुड्याने इतके नुकसान केले की 1986 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने धानावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली, कारण औषधांनी तुडतुड्याला खाणारे कोळी आणि भुंगेच आधी मरत होते. 1989 पासून तिथे शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या, ज्यात शेतकरी बांधीत बसून मित्रकिडी मोजायला शिकले. आमच्या भागात तुडतुड्याने जळलेल्या धानाचे गोल चट्टे कुणी पाहिले नाहीत, असे घर नाही, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ती आठवण विदर्भात अजून ताजी आहे. म्हणून हा भाग मी लांबवून लिहिला. त्या बांधीत उभे राहून हे ऐकणे आणि कृषी मेळाव्यात ऐकणे यांत फरक पडतो.

आमच्याकडे असे काहीच नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील हजारो तलाव गोंड राजांच्या काळापासून लोकांनीच बांधले, त्यात कोहळी समाजाचे कसब मोठे, आणि गाळ काढण्यापासून पाणी सोडण्यापर्यंतचे काम गाव करीत असे. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पारीची (तलावाच्या बांधाची), पाटांची देखभाल कुणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. दादांनी हे सगळे बापाकांना सांगितले, मुलाने भाषांतर केले, आणि म्हातारे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की तुमच्या तलावाच्या देवाचा उत्सव आता कोण करते. पारीवरच्या देवाला आम्ही अजून नारळ फोडतो, हे दादांनी सांगितले तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

जतिलुविहचे नाव लाल तांदळासाठी आहे. हे जुने, उंच वाढणारे वाण वर्षातून एकदाच घेतात. जानेवारीच्या सुमारास रोवणी होते आणि जून-जुलैत कापणी. त्यानंतरच्या हंगामात लवकर येणारा पांढरा तांदूळ असतो. आम्ही गेलो तेव्हा लोंबी भरून वाकू लागल्या होत्या. कापणी विळ्याने होत नाही. तळहातात मावेल अशा ‘आनी-आनी’ नावाच्या लहान पात्याने एकेक लोंब खुडतात आणि जुड्या बांधून वाळवतात. ते पाते बापाकांनी घरी काढून दाखवले, प्रत्यक्ष कापणी आम्हाला पाहता आली नाही. ज्याला ती पाहायची असेल त्याने जुलैत जावे, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे पऱ्हे (रोपे) खणून रोवणी सुरू असते, त्यामुळे झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, शेतकऱ्याला ते साधणे जवळजवळ अशक्य आहे. भात शिजायला वेळ लागतो, दाणा मोकळा आणि किंचित गोडसर, चावून खाण्याचा. आमच्या चिन्नोर तांदळाचा सुवास त्याला नाही, आणि आमच्या दादाजी खोब्रागडे यांनी नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या बांधीत निवडलेल्या एचएमटी वाणासारखा तो मऊही नाही, परंतु दुपारी बांधीतून आल्यावर एक ताट खाल्ले की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. भाजलेल्या लाल तांदळाचा चहासारखा काढा करतात, तो माझ्या पत्नीला फार आवडला. साळ किंवा लोंब मात्र आठवण म्हणून पिशवीत टाकून आणू नये. परवान्याशिवाय बियाणे देशात आणण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण कीड आणि रोग बियाण्याबरोबरच प्रवास करतात.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. तेथील चटणीत, म्हणजे ‘सांबाल’मध्ये, बहुधा सुकटीच्या जातीचा ‘तेरासी’ घातलेला असतो आणि ‘लावार’ नावाची भाजी दिसायला साधी असली तरी तिच्यात डुकराचे मांस व रक्तही असू शकते. घरच्या बाईंनी दुसऱ्या जेवणापासून वेगळी कढई ठेवली आणि किसलेल्या खोबऱ्यातील पालेभाजी, शेंगदाण्याच्या रश्श्यातील भाज्या आणि टेंपे असे साधे, चवदार जेवण दिले. टेंपेबद्दल दोन वाक्ये अधिक लिहितो. उकडून साल काढलेल्या सोयाबीनला बुरशीचे विरजण लावून, केळीच्या पानात बांधून दीड-दोन दिवस ठेवले की त्याची पांढरी, घट्ट वडी होते, ती तळतात किंवा परततात. मूळचा हा जावा बेटावरचा पदार्थ. त्यासाठी लागणारे बहुतेक सोयाबीन इंडोनेशिया बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून, विकत घेतो, आणि इकडे आमच्या वाशीम-अमरावतीकडचे पाहुणे सोयाबीनची पोती भावाची वाट पाहत ठेवून असतात आणि घरात मात्र त्याचा दाणा शिजत नाही. वहिनींनी तो पदार्थ करण्याची रीत त्या बाईंकडून हातवाऱ्यांनी शिकून घेतली आहे.

आता उणिवा. सकाळी साडेनऊनंतर गावात गाड्यांची रीघ लागते आणि दुपारी दोनपर्यंत मुख्य रस्त्याला उभे राहणे नको वाटते. 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने या गावाला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतल्यापासून पाहुणे आणखी वाढले आहेत, असे घरचे लोक सांगतात. बांधीच्या कडेला खानावळी उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या छपरांनी एका ठिकाणी पाटाची वाटच अरुंद केलेली दिसली. पाहुण्यांच्या प्रवेश तिकिटातील किती पैसा प्रत्यक्ष पाट साफ करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पडतो, हा प्रश्न मी तीन जणांना विचारला आणि तिघांनी तीन उत्तरे दिली. बापाकांचा मुलगा स्वतः शेती करीत नाही, पाहुणे सांभाळतो, आणि त्याचे मित्र दक्षिणेकडील हॉटेलांत नोकरीला आहेत. हे ऐकताना मला आमच्या गावातून नागपूर आणि पुण्याकडे गेलेली मुले दिसत होती. विमानतळावरून ठरवलेल्या गाडीवाल्याने आम्हाला घरापर्यंत न आणता तिकीटघरापाशी उतरवले आणि पुढच्या दीड किलोमीटरचे वेगळे पैसे मागितले. म्हणून गाडी घरमालकांकडूनच मागवावी, परतताना आम्ही तसेच केले आणि पैसेही कमी पडले.

एवढे असूनही दोन रात्रींचा मुक्काम कमी पडेल, चार रात्री योग्य. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो आणि बांधीतील गोष्टी दुसऱ्या फेरीलाच उलगडतात. नुसते हिरवे उतार पाहून परतायचे असेल तर दुपारची गाडी पुरेशी आहे आणि खोलीचे पैसे वाया घालवू नयेत. पाणी वापर संस्थेच्या सभासदांनी सात-आठ जणांचा गट करून जावे, घरमालकांना आधी कळवून पेकासेहांची भेट ठरवावी आणि सभेचा दिवस जुळतो का ते विचारावे. सुबकाच्या सभा बहुधा त्यांच्या पंचांगाप्रमाणे 35 दिवसांनी होतात, आमची ती संधी चार दिवसांनी हुकली. दादांनी तेंबुकुच्या खाचांची मापे, लाकडाची जाडी आणि ते पाटात किती खोल बसवले आहे ते वहीत आकृती काढून आणले आहे. आमच्या तलावाच्या दुसऱ्या पाटावर, जिथे दरवर्षी भांडण होते तिथे, सागाच्या ओंडक्याला तशा दोन खाचा पाडून बसवायचे संस्थेच्या सभेत ठरले आहे, आणि खाचांची रुंदी सातबाऱ्यावरच्या आराजीप्रमाणे (क्षेत्राप्रमाणे) काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे.